सोनवणे काकांचा सप्लाय

मुलीसाठी स्थळ बघायला गेलेला बाप काय काय बघतो? मुलाची नोकरी बघतो, घर बघतो, माणसं बघतो. फारच चौकस असला तर शेजारच्या दुकानात जाऊन सुपारी घेता घेता हळूच चौकशी करतो. आमच्या सोनवणे काकांनी इगतपुरीला मुलाच्या घरी गेल्यावर चहाचा कप बाजूला ठेवला, पिशवीतून मल्टिमीटर काढला आणि मुलाच्या आईला विचारलं, "ताई, तुमचा प्लग कुठंय?"

मल्टिमीटर म्हणजे विजेचा दाब मोजायचा डबा. एक लाल वायर, एक काळी वायर आणि काचेमागं एक काटा. काकांनी दोन्ही वायरी भिंतीतल्या प्लगात खुपसल्या. मुलाकडची सगळी माणसं बशा हातात धरून काट्याकडं बघत. काटा थरथरला, वर चढला, जागेवर बसला.

"छान," काका म्हणाले. "घाटमाथ्यावर असून व्होल्टेज चांगलं आहे. हं, आता पत्रिकेचं बोला."

मंजूचं लग्न असं ठरलं. हे मला मंजूनंच सांगितलं. मुलगा रेल्वेत होता, निर्व्यसनी होता, दिसायला बरा होता, पण काका कॉलनीत सांगताना पहिल्यांदा सांगायचे, "अर्थिंग उत्तम आहे त्यांच्याकडं."

मी या सोनवणे काकांचा भाडेकरू. इंदिरानगरात त्यांचं बैठं घर, गच्चीवर एक खोली, त्या खोलीत मी. मूळचा नांदगावचा. शाळेत मला एकच विषय चांगला यायचा आणि तो वेळापत्रकात नव्हता. मी आवाज काढायचो. हजेरीच्या वेळी पिक्चरला गेलेल्या पोरांच्या आवाजात 'हजर' म्हणायचो. एकदा तर गुरुजींच्याच आवाजात गुरुजींना 'खाली बसा' म्हणालो, आणि गुरुजी बसले. नाशकात नोकरीला आलो तरी खोड गेली नाही. माणसांचे आवाज काढतो तसे वस्तूंचेही काढतो. मिक्सर, लुना, घाट चढणारी एसटी. ओठ न हलवता काढतो, त्यामुळं पकडला जात नाही.

काकांना माझी ही कला अजिबात पसंत नव्हती. "जे नाही ते आहे असं दाखवायचं, ही कसली कला?" ते म्हणायचे. "विजेत असलं चालत नाही. आहे तर आहे, नाही तर नाही."

काका सातपूरच्या एका रबराच्या कारखान्यात सुपरवायझर होते. विजेशी त्यांचा कामाचा संबंध दिवा लावण्यापुरता. पण रद्दीच्या दुकानातून इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं आणून आणून त्यांनी स्वतःला तयार केलं होतं, आणि त्यातून त्यांना एक आजार जडला होता. दिसेल त्या गोष्टीचा ते लोड काढायचे, म्हणजे तिच्यावर भार किती पडतो याचा हिशोब.

मी वर इस्त्रीचं बटण दाबलं की खालून आवाज यायचा. "सुभ्याऽऽ! इस्त्री का? अरे खाली फ्रीज चालू, पंखा चालू! लोड काढला का?"

"नाही काका."

"मग आधी लोड! थोडं मार्जिन ठेवावं माणसानं!"

हे घरापुरतं असतं तर ठीक होतं. कॉलनीत कुणाच्या लग्नाला गेले तर पंगतीत शेजाऱ्याच्या ताटाकडं बघायचे. "तीन पुरणपोळ्या, वर कटाची आमटी, वर भजी. मार्जिन राहिलं नाही तुम्हाला. संध्याकाळी फ्यूज जाणार." लुनावर तिघं बसलेले दिसले की रस्त्यात थांबवायचे. एका शेजाऱ्याला जुळं झालं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि काका त्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डबल लोड. पण तू घेशील."

तर अशा या माणसानं घरी कॉम्प्युटर बनवायला घेतला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर हा शब्द लोक अजून जरा जपून उच्चारायचे, देवघरात बोलल्यासारखा. मंजूनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. विकत घेण्यापेक्षा आपणच एकेक वस्तू आणून जोडायचा, असं बापलेकीनं ठरवलं. मंजूची आई मंजू शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून काकांनीच तिच्या वेण्या घातल्या. दोन्ही वेण्या पट्टीनं मोजून सारख्या करायचे म्हणे. त्यामुळं या दोघांचं जे काही चालायचं ते दोघांचंच असायचं. मदरबोर्ड मुंबईहून आणला तो काकांनी टॉवेलात गुंडाळून, सगळा प्रवास मांडीवर धरून. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "किती महिन्याचं?" काका म्हणाले, "नवाच आहे. हात लावू नका."

कॅबिनेट आलं, कीबोर्ड आला, मॉनिटर आला. एकच वस्तू राहिली. पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारा पत्र्याचा डबा. भिंतीतली रानटी वीज माणसाळवून मदरबोर्डाला झेपेल एवढी देतो तो. काका म्हणायचे, "मदरबोर्ड म्हणजे डोकं. पण सप्लाय म्हणजे आई. ती वेळेवर, बेतानं वाढेल तर डोकं चालणार. म्हणून सप्लाय निवडून घ्यायचा."

निवडायच्या आत मंजूचं लग्न झालं आणि ती इगतपुरीला गेली.

लग्नानंतर ती एका रविवारी आली ती थेट कॉम्प्युटरपाशी. काकांनी पहिला सप्लाय आणून ठेवला होता. परदेशी माल. त्याच्या मागं एक सरकतं बटण होतं, एका बाजूला तिकडची वीज, दुसऱ्या बाजूला आपली. बापलेक इतके उत्साहात होते की ते बटण अमेरिकेकडंच राहिलं. काकांनी नुसता सप्लाय तपासायला म्हणून प्लग लावला. फट्! पांढरा धूर, सडक्या मासळीचा वास, आणि कॉलनीतली अर्धी लाईट गेली.

मी जिन्यावर उभा. इस्त्रीसाठी मला फाडून खाणारा माणूस आता काय करेल म्हणून कान टवकारून. धुरातून मंजूचा आवाज आला, "जाऊ द्या बाबा. पुढच्या रविवारी येते, दुसरा बघू."

आणि काका चिडलेच नाहीत. त्यांनी खिडकी उघडली, अंधारात फ्यूज बदलला, आणि बदलताना चक्क शीळ घालत होते. मला म्हणाले, "बघितलंस? घाई केली की जळतं. सप्लायच्या बाबतीत घाई नाही."

तेव्हापासून मंजू दर रविवारी यायची. सकाळच्या गाडीनं नाशिकरोडला उतरायची, सिटी बसनं घरी. काका बसस्टॉपवर उभे, हातात छत्री, ऊन असो की नसो. मग दिवसभर दोघं त्या उघड्या कॅबिनेटवर वाकलेले. ती सोल्डरिंग करायची, ते फुंकर घालायचे. दुपारी मी पोहे खायला खाली जायचो.

एकदा मी विचारलं, "काय गं मंजू, सासरी चालतं का दर रविवारी माहेर?"

ती म्हणाली, "अरे दादा, नुसतं माहेर म्हटलं असतं तर चाललंच नसतं. मी सांगितलं, कॉम्प्युटरचं काम आहे. सासूबाई गप्पच! आता शेजारणींना सांगतात, आमची सून कॉम्प्युटर करतेय. पण म्हणाल्यात, तो एकदा चालू झाला की रविवार घरचा. मग काय, सणावारालाच यायचं."

ती हे हसत हसत म्हणाली. काकांनी पोह्यातला एक शेंगदाणा बराच वेळ चमच्यानं इकडून तिकडं केला.

तुम्ही म्हणाल, मग काकांनी जावं की इगतपुरीला. जायचे ना. पण या विज्ञानवादी माणसाचं एक होतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मी चिडवलं तर म्हणायचे, "रूढीबिढी काही नाही. तिथलं पाणी मला जड पडतं." घरून बाटली न्यायचे. गेले की व्याह्यांच्या प्लगचं व्होल्टेज बघायचे, स्वतःच्या बाटलीतलं दोन घोट प्यायचे आणि परत. एवढ्यात मुलीशी बोलणार काय आणि कधी?

इकडं सप्लायची निवड चालू झाली. मेन रोडला कांतीशेठ म्हणून एक दुकानदार होते. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि आता कॉम्प्युटरचं सामान. स्वभाव गोड. म्हणाले, "काका, घेऊन जा, तपासा. पसंत नाही पडला तर वापस आणा." हे वाक्य बोलल्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला.

काकांची तपासायची पद्धत अशी. आधी सप्लाय उचलून कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या काट्यावर ठेवायचा. एका पारड्यात सप्लाय, दुसऱ्यात कांदे. "वजन असेल तर आत माल असतो," काका म्हणायचे. भाजीवाली मावशी म्हणायची, "घेता का त्ये कांदे, का नुसतंच झुलवायचंय?" मग घरी आणून त्याला स्कूटरचे दिवे जोडायचे. व्हरांड्यात दिव्यांची माळच लागायची. दिवे एकसारखे पेटतात का, मंद होतात का, ते बघत काका खुर्ची टाकून बसायचे. येणारे जाणारे विचारायचे, "काका, सत्यनारायण?"

सगळी परीक्षा पास झाली की मग काका खोट काढायचे.

कांतीशेठकडचा पहिला परत गेला, कारण लोड जेमतेम बसत होता. मार्जिन नाही. दुसरा मोठा आणला तर म्हणाले, "चार माणसांच्या घरात पातेलं लग्नाचं कशाला?" तिसऱ्याच्या वायरी आखूड. चौथ्याच्या वायरी लांब, "आत गुंता होईल." एकाचा आतला, डबा गार ठेवणारा पंखा घरघरत होता, हे खरं होतं, मी ऐकलं. एक सप्लाय तर काकांनी रंगावरून परत केला. "राखाडी रंगात गंज दिसत नाही."

आणि एक परत गेला त्याचं कारण ऐकून कांतीशेठ स्टुलावर बसले. काका म्हणाले, "याचं चालू-बंदचं बटण उजवीकडं आहे."

"काका, सगळ्यांचं बटण उजवीकडंच असतं!"

"आमची मंजू डावखुरी आहे."

"काका," कांतीशेठ हात जोडून म्हणाले, "तुम्हाला सप्लाय घ्यायचाय का जावई शोधायचाय?"

"जावई पहिल्याच खेपेला पसंत पडला होता," काका म्हणाले. "हे अवघड आहे."

पुढं पुढं काका मेन रोडला दिसले की कांतीशेठ काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायला लागायचे. काका जाईपर्यंत त्यांना ते सापडायचं नाही.

कॉलनीला हा फुकटचा तमाशा झाला. "काका, कॉम्प्युटर झाला का हो?" हा रोजचा नमस्कार. काका म्हणायचे, "घाई केली की जळतं." मी तरी सोडतो काय? गणपतीच्या कार्यक्रमात मी 'काका सप्लाय घेतात' हा आयटम केला. एका हातात कांदे, एका हातात ट्रान्झिस्टर. "कांतीशेठ, हा सप्लाय श्वास घेतोय, पण उसासा टाकत नाही. दुसरा दाखवा!" लोक लोळले. मंजू त्या दिवशी आली होती, ती सगळ्यात जास्त हसली, डोळे पुसत हसली. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. नंतर एवढंच म्हणाले, "आवाज बरा काढतोस. माझा असा आहे?"

कांतीशेठ मात्र इरेला पेटले. त्यांनी मुंबईच्या त्यांच्या माणसाला सगळ्या तक्रारी सांगितल्या आणि एका रविवारी स्वतः स्कूटरवरून खोकं घेऊन दारात हजर. कॉलनीत वाऱ्यासारखी बातमी. व्हरांड्यात गर्दी. मंजू सोल्डरिंगची बंदूक हातात घेऊन उभी.

"घ्या काका," कांतीशेठ म्हणाले. "लोड काढा."

काकांनी लोड काढला. व्यवस्थित बसत होता, वर मार्जिन.

"वजन?"

भाजीवाली मावशी काटा घेऊन आलीच होती. कांद्यांचं पारडं वर गेलं. "घ्या, भारी हाय," ती म्हणाली. "आता तरी सोडा मला."

वायरी मापात. रंग काळा. आणि बटण? कांतीशेठनी खोक्यातून एका लांब वायरीच्या टोकाला लोंबणारं बटण काढलं आणि विजयी मुद्रेनं धरलं. "हे कुठंबी बसवा. डावीकडं बसवा, उजवीकडं बसवा, आमच्या ताईच्या मांडीवर ठेवा!"

काकांनी दिव्यांची माळ जोडली. मागचं सरकतं बटण आपल्या बाजूला आहे ना, ते तीनदा बघितलं. चालू केला. दिवे एकदम पेटले आणि डोळ्याची पापणी न हलवता तसेच राहिले. पंखा फिरतोय हे बघायला हात धरावा लागत होता, इतका गप्प.

"बोला काका," कांतीशेठ म्हणाले. "काय कमी आहे?"

काकांनी सप्लाय उचलला. चारी बाजूंनी बघितला. खालून बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला. मी जिन्यावर बसून पुढच्या आयटमसाठी माल गोळा करत होतो. आता कुठली खोट काढतात? आणि काकांचं तोंड बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांना काहीतरी सांगतो ना, तसं तोंड.

रंगावरून सप्लाय परत करणारा हा माणूस, पण निर्दोष वस्तूला दोष देणं त्याला जमेना. आहे तर आहे, नाही तर नाही.

"हा..." काका म्हणाले, "हा बरोबर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कांतीशेठनी आभाळाकडं बघून हात जोडले. काका मंजूकडं न बघता म्हणाले, "दिवे काढ बेटा. मदरबोर्डाला जोड. होऊन जाऊ दे."

मंजू पुढं आली. दिव्यांच्या वायरीला हात घातला. मग थांबली. खाली वाकली आणि चालू सप्लायला कान लावला. बराच वेळ तशीच.

"बाबा," ती म्हणाली, "पंखा जरा घरघरतोय हो."

"कुठं?" कांतीशेठ किंचाळले. "ताई, मांजर सुद्धा जास्त आवाज करतं!"

"नाही, बारीक आहे. पण येतोय." ती सरळ उभी राहिली. तिनं गर्दीवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. "सुभाषदादाला विचारा. त्याचा कान चांगला आहे. दादा, तुला येतोय ना ऐकू?"

सगळी कॉलनी माझ्याकडं वळली. मला ऐकायला पटकन येतं, समजायला जरा वेळ लागतो. पण त्या दिवशी समजलं. ती शीळ समजली, शेंगदाणा समजला, पाण्याची बाटली समजली. हजेरीला कुणाकुणासाठी 'हजर' म्हणालो होतो आयुष्यात. मी जिन्यावरून उतरलो, सप्लायजवळ गेलो, मान तिरकी केली, ओठ मिटले.

घर्र... घर्र... टक. घर्र...

कांतीशेठ पांढरे पडले. त्यांनी सप्लायला कान लावला. मी जरा जवळ सरकलो. घर्र... टक.

"अरे देवा," ते म्हणाले. "आहे की हो."

"म्हणजे बेअरिंग," मंजू गंभीरपणे म्हणाली. "आज बारीक आहे, उद्या वाढेल. दुसरा बघूया बाबा. मी येते पुढच्या रविवारी."

काकांचा चष्मा माझ्याकडं वळला. ओठांकडं नाही, गळ्याकडं. तिथं माझी घाटी हलत होती. मी आवाज बंद केला. पंखा एकदम सुधारला. पण तोपर्यंत कांतीशेठनी प्लग काढून टाकला होता.

"काका," खोकं बांधता बांधता ते म्हणाले, "मी हे सगळं बंद करून अगरबत्त्या विकतो." विकल्या नाहीत. तो सप्लाय दोन दिवसांत सिन्नरच्या एका गिऱ्हाइकानं नेला. तक्रार आली नाही. येणार कशी?

संध्याकाळी काका मंजूला बसस्टॉपवर सोडायला गेले. गच्चीवरून मला दिसत होते. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, ते मान डोलवत होते, आणि पाऊस नसताना छत्री तिच्या डोक्यावर धरली होती.

मला वाटलं होतं, रागावतील. जे नाही ते आहे असं दाखवलं, तेही विजेच्या बाबतीत, तेही त्यांच्या व्हरांड्यात. पण आठवडाभर काका त्या विषयावर गप्प. इस्त्री लावली तरी खालून आवाज नाही, म्हणून मीच घाबरून ती बंद केली.

शनिवारी जिन्यावर पावलं वाजली. काका कधी वर येत नसत. गुडघे. दारात उभे राहिले, खोलीभर नजर फिरवली, बल्बकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं.

"कांतीशेठचा निरोप आला," ते म्हणाले. "उद्या आणखी एक घेऊन येतोय. पुण्याचा आहे म्हणे. पंख्याची गॅरंटी देतोय."

"बरं काका."

"मंजू येईल सकाळच्या गाडीनं."

"हो."

ते वळले. दोन पायऱ्या उतरले. मग पाठमोरेच थांबले.

"सुभ्या, परवाचा तो आवाज."

माझा हात आपोआप इस्त्रीच्या बटणाकडं गेला.

"जरा मोठा झाला होता," काका म्हणाले. "टक नको. नुसती घरघर पुरे. थोडं मार्जिन ठेव."